बत्तीस सेंटिमीटरवरची चौकट

३ जून २०२४, अमरावती
दोन पिशव्या आणि आईचे शंभर सल्ले घेऊन नव्या नोकरीसाठी अकोल्याहून बडनेरा स्टेशनवर उतरले. दवाखाना झकास आहे. एंडोस्कोपीच्या खोलीत एसी आहे, म्हणजे निम्मी लढाई मी आजच जिंकले. यंत्र नवंकोरं. तोंडातून कॅमेऱ्याची नळी अन्ननलिकेत गेली की एआय पडद्यावर डोळा ठेवून बसतं, आणि पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी जागा दिसली की तिच्याभोवती हिरवी चौकट काढतं. डॉक्टर केयूर सरांनी समजावलं. चौकट पटली तर तिथला तुकडा तपासायला जातो. नाही पटली तर टेक्निशियनने, म्हणजे मी, बटण दाबून तिच्यावर फुली मारायची.

१९ जून
यंत्र हुशार, पण वऱ्हाड त्याला ठाऊक नाही. उपाशीपोटी या म्हटलं तरी लोक गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवूनच येतात. त्याचा चुरा अन्ननलिकेला चिकटतो आणि यंत्र त्यालाही चौकट काढतं. सर म्हणतात, खर्रा आहे, मार फुली. आज सात वेळा मारली. हात चांगला बसलाय.

८ जुलै
तिवशाच्या अनसूयाबाई आल्या होत्या, छातीत जळजळ म्हणून. नळी दातांपासून बत्तीस सेंटिमीटर आत गेली आणि चौकट आली. सर फोनवर, बाहेर सतरा पेशंट. मी न विचारताच खर्रा समजून फुली मारली. पाण्याने धुऊन बघायला अर्धं मिनिट लागतं, पण तेवढा वेळ आहे कोणाकडे? रिपोर्ट नॉर्मल गेला.

४ ऑगस्ट २०२५
अनसूयाबाई परत आल्या. आता पाणीसुद्धा उतरत नाही. त्याच बत्तीसवर मोठी गाठ आहे. सरांनी जुना व्हिडिओ काढला. फुलीखाली माझं नाव होतं. मी रडत माफी मागितली, खर्रा वाटला म्हणाले. बाई रडल्या नाहीत. "म्या जिनगीत खर्रा तोंडात नाई घातला. तुनं मले विचारलं काहून नाई?" मग अगदी हळू म्हणाल्या, "जिनं माह्यं खोडलं, तिचंबी असंच खोडल्या जाईन."

२१ सप्टेंबर
अनसूयाबाई गेल्या. मीच मारलं त्यांना. जेवण जात नाही.

९ ऑक्टोबर
भाकरीचा घास खरंच छातीत अडतोय. सकाळी खोलीत पेशंट यायचा होता, नळी स्टँडला लटकलेली होती. तरी पडद्यावर अन्ननलिका दिसत होती — ओली, गुलाबी. बत्तीसवर चौकट. मी आवंढा गिळला. पडद्यावरची अन्ननलिकाही त्याच क्षणी आवळली.

१३ ऑक्टोबर
सरांकडून माझी तपासणी करून घेतली. चौकट आली. मी पाहिली. लगेच तिच्यावर फुली. बटण कोणी दाबलं ते दिसलं नाही. सर म्हणाले, नॉर्मल. धुऊन बघा म्हणायचं होतं. तोंडात नळी होती —

१५ ऑक्टोबर, अकोला
दुसरा दवाखाना, दुसरं यंत्र. चौकट. फुली. तिथले डॉक्टर म्हणाले, खर्रा कमी करा. मी खात नाही म्हटलं तर हसले. त्यांची टेक्निशियन मिस्बाह जिन्यापर्यंत मागे आली. ती म्हणाली, फुली तर तुमीच मारली, ताई. तवा तुमचे डोळे मिटलेले होते, अन् हात लांब करून —

१८ ऑक्टोबर
पाणी उतरत नाही, आवाजही फुटत नाही. आईला चिठ्ठी लिहिली, तिसऱ्या ठिकाणी ने म्हणून. सकाळी चिठ्ठीवर फुली होती. पुन्हा लिहिली — पुन्हा —

१९
जे कोणी वाचाल — बत्तीसवर बघा. आधी धुवा. माझा हात धरून ठेवा, मग —
बाई, मी विचारायला हवं होतं. हवं होतं.
वरच्या ओळी खोडल्यात. मी नाही — पेन माझ्याच हातात आहे. हात वर जातोय — ही ओळ तरी राहू द्या, बाई, ही एक ओ—