बोटभर हवा

बाई, काल आपल्या शाळेच्या मैदानावर होते. डोंबिवलीचं तेच मैदान, कारखान्यांकडून येणारा तोच वास, तेच दोन खांब. मुलींच्या खो-खोचे फोटो आता मी काढते. माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो घेतो, तरी डोळ्यांपुढे येतो तो तुम्ही काढलेला एकच. तुम्ही चित्रकलेच्या बाई. एका सामन्याला एक रोल, छत्तीस फोटो, आणि अख्ख्या शाळेत धावत्या मुलीचे नाक-डोळे फोटोत शाबूत ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच. बाकीच्यांच्या फोटोत आम्ही म्हणजे नुसते पुसलेले फराटे. हे जमतं कसं, विचारलं तर म्हणालात, "अगं, धावणारीच्या मागे कॅमेरा घेऊन पळू नये. ती जिथे येणार, तिथे आपण आधीच जाऊन बसावं." सामना सुरू व्हायच्या आधी तुम्ही खांबावर फोकस लावून ठेवायचात, ऊन पाठीशी घ्यायचात, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडेल असं करायचात आणि श्वास धरून वाट बघायचात. आम्हाला वाटायचं, बाईंना झोप लागली.

कल्याणच्या शाळेशी अंतिम सामना. शेवटचं मिनिट. त्यांची शेवटची मुलगी खांबाला वळसा घालतेय आणि मी सूर मारते. धूळ, पंचांची शिट्टी, मुली अंगावर येऊन पडतात, "काय सूर मारलास यार!" आम्ही जिंकलो होतो. आठवड्याने तुम्ही फोटो माझ्या हातात ठेवलात. त्यात मी हवेत आडवी आहे, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, वेणी मागे सरळ, मातीचा कणन् कण मोजून घ्यावा असा लटकलेला. आपण इतक्या सुंदर दिसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. अजूनही बघताना अंगावर काटा येतो. आणि माझी बोटं आणि त्या मुलीची पाठ यांच्यामध्ये बोटभर हवा.

"मलाही आत्ताच दिसलं," तुम्ही म्हणालात. "फोटो निघतो त्या क्षणी आतला आरसा वर जातो, काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे काळोख असतो. हात लागला होता ना गं?"

"पुढच्याच क्षणी लागला, बाई."

"असेल. फोटोला पुढचं कुठे ठाऊक असतं!" म्हणत तुम्ही तो कौतुकाने शाळेच्या फलकावर लावलात. वर्षभर येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि मी मान खाली घालून पुढे जायचे.

काल पंचांनी गडी बाद दिल्यावर सूर मारलेली मुलगी धापा टाकत माझ्याकडेच आली. "मॅम, बघा ना, हात लागलाय का? मला नाय वाटत." मी फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, "नाहीच लागला," म्हणाली आणि थेट पंचांकडे गेली. चौदा वर्षांची असेल.

हे पत्र पाठवणार कुठे? तुम्ही काढलेल्या त्या फोटोच्या मागे सरकवून ठेवते. बाई, तुमच्या डोळ्यापुढे तेव्हा काळोख होता, पंचांच्या डोळ्यांत धूळ गेली होती. माझ्या बोटांना मात्र जमिनीवर पडायच्या आधीच कळलं होतं. हात लागला नव्हता. पुढच्या क्षणीही नाही.