मास्तरांनी गाडी थांबवली ती सकाळ

अण्णा, गेल्या रविवारी तुमच्या स्टेशनवर जाऊन आले. तिकीटखिडकीला फळ्या ठोकल्यात, आत कबुतरं. पलीकडच्या शेतांत उंच सोसायट्या झाल्यात. जाहिरातीत 'रेल्वे स्टेशनला लागून' असं लिहितात, गाडी थांबत नाही हे लिहीत नाहीत.

तुम्ही सांगायचात, इंग्रजांनी हे स्टेशन माणसांसाठी बांधलंच नव्हतं, इंजिनाला पाणी पाजायला बांधलं. गाडी थांबते म्हणून माणसं चढू लागली. पुढे डिझेल आलं, टाकी कोरडी पडली, तरी सकाळची पॅसेंजर थांबत राहिली. मेथी-कोथिंबिरीच्या पाट्या घेऊन गावातल्या बायका तिनेच मंडईला जायच्या. मी दहावीत असताना नव्या वेळापत्रकात तो थांबा गेला. तुम्ही बायकांना आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या सकाळी त्या आल्याच. "मास्तर, आता ही भाजी काय डोक्यावर न्यायची व्हय मंडईपत्तुर?" तुम्ही आत गेलात आणि गाडीला पुढे जायचा सिग्नल दिलाच नाही. गाडी कुरकुरत उभी राहते, बायका चढतात, आणि मी दप्तर घेऊन फलाटावर उभी, अभिमानानं फुललेली. दुपारी साहेबांचा फोन. "स्टेशन तुमच्या वडिलांचं आहे का, मास्तर?" तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. गावाचंही नाही, हे आज कळलं."

बदली झाली पार सोलापूरच्या पलीकडे. माझ्या शाळेसाठी आई आणि मी बिबवेवाडीत दोन खोल्यांत. सामान बांधताना आई एवढंच म्हणाली, "येतायत का आता त्या बायका ट्रंका उचलायला?" तुम्ही सुट्टीला यायचात ते पाहुण्यासारखे, चपला कुठे काढू विचारत. आणि तिकडेच, एकटे असताना, गेलात.

आता मी हिंजवडीला नोकरी करते. निम्मा दिवस कंपनीच्या बसमध्ये जातो. रविवारी त्या फलाटावर नुसती बसले होते, तर एक म्हातारी जवळ आली. "मास्तरांची लेक न्हवं तू? तोंडावळा त्योच हाय." मग हसून म्हणाली, "लई भला माणूस. त्या दिशी आमची भाजी सोन्यावानी गेली बघ. दुसऱ्या दिवसापासनं आमी टेम्पोच केला."

मीही हसले. दुसरं काय करणार?

तुम्हाला सगळे भला माणूस म्हणतात, मीही म्हणते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. पण अण्णा, त्या सकाळी तुम्ही सिग्नल द्यायला हवा होता.