वैद्यीणबाईची सुट्टी

प्रिय खारूताई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धड आहेत, माझा गुडघा सोडून. लाँड्रीत ओल्या फरशीवर घसरले आणि डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसवलं. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुण्यात गेली, मला बसायची सवय कुठली? दोनच दिवसांत तुझ्या बाबांना मी नको नको करून सोडलं. शेवटी वैतागून त्यांनी तुझ्या कपाटातला तो जपानी गेम टीव्हीला जोडला आणि कंट्रोलर माझ्या हातात कोंबला. तुझा फोन येणं बंद झाल्याला चार महिने झाले. तुझ्या वस्तूला हात लावावा की नाही, असं वाटलं क्षणभर. मग लावला.

तुझाच अर्धवट खेळ पुढे चालवला. तुझं काही पुसलेलं नाही हं, माझं वेगळ्या जागी साठवते. इंग्रजी वाचताना चष्मा खाली-वर करून जीव मेटाकुटीला आला, पण कळलं ते असं. रोज सकाळी दोन सोबती घेऊन भुयारात उतरायचं, राक्षसांशी मारामारी करत एकेक मजला खाली जायचं. दुपारी वर गावात येऊन कुणातरी एका सोबत्याजवळ बसायचं, गप्पा मारायच्या. मैत्री वाढली की तो खाली जास्त उपयोगी पडतो. सोबत्यांना नावं तूच ठेवलेली. तलवारवाला 'बाबा'. सगळ्यांच्या पुढे धावतो आणि सगळ्यांच्या आधी आडवा होतो. बाबांना दाखवलं तर म्हणाले, मी एवढा काही धावत नाही. आणि जखमा बऱ्या करणारी ती पांढऱ्या झग्यातली वैद्यीण, तिचं नाव 'आई'. मी कपाळावर हात मारला. एवढी बारीक कंबर माझी लग्नातसुद्धा नव्हती.

खेळात एक पान आहे, कुठली दुपार कुणाबरोबर गेली ते दाखवणारं. तू तीस दिवस खेळलीस आणि त्यातल्या सत्तावीस दुपारी या वैद्यिणीकडे गेलीस. तरी तिच्याशी मैत्री पहिल्याच पायरीवर. असं कसं, म्हणून मीही गेले. विहिरीच्या काठावर बसली होती. बटण दाबलं तर म्हणाली, "आज नको, दमलेय मी." म्हणाली इंग्रजीत, पण मला ते माझ्याच आवाजात ऐकू आलं गं.

माझी पाळी दोनला सुटायची. तू शाळेतून यायचीस तेव्हा मी डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडलेली असायचे. तू पलंगाच्या कडेला टेकायचीस, दप्तर अजून खांद्यावरच. काहीतरी सांगायचं असायचं तुला. मी हेच वाक्य बोलायचे, रुमाल न काढता. तू 'बरं' म्हणून तुझ्या खोलीत जायचीस आणि जरा वेळाने या खेळाचं संगीत ऐकू यायचं. पोर रमली, असं वाटून मला हायसं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो सकाळी भुयारात उतरतो, तो दुपारी दमलेला असतो. तू वैद्यिणीला रोज खाली न्यायचीस, कारण ती नसली की बाकीचे मरतात. आणि दुपारी तिच्याचकडे बोलायला जायचीस. सोळा बायकांच्या पाळ्या मी लावते, मला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. तिला एक दिवस वर ठेवलं आणि तिच्याशिवाय उतरले. पाच वेळा मेलो आम्ही; मेलं की तीच सकाळ पुन्हा सुरू होते. बाबा पाचही वेळा पहिला. सहाव्या वेळी कसेबसे, रक्तबंबाळ होऊन वर पोचलो. ती विहिरीवरच होती. म्हणाली, "आज मी रिकामी आहे. बोल." पडद्याच्या तळाशी चार वाक्यं आली, त्यातलं एक निवडून तिला सांगायचं. मी चारही पुन्हा पुन्हा वाचली. कुठलं दाबायचं ते कळेना, कारण तू काय सांगायला येत होतीस तेच मला माहीत नाही. रडू आलं. बाबांनी विचारलं, तर म्हटलं गुडघा ठणकतोय.

चार महिन्यांपूर्वी, त्या रविवारी तुझा शेवटचा फोन आला होता. "आई, थोडं बोलायचं होतं," म्हणालीस. मी काय म्हणाले ते तुलाही आठवत असेल. तुझा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी म्हणाले. नंतर आपणहून फोन करायची लाज वाटत राहिली, म्हणून हे पत्र. सोमवारपासून मी कामावर जातेय. पाळ्यांच्या तक्त्यात दर बुधवारी माझ्या नावापुढे सुट्टी लिहिली आहे, बावीस वर्षांत पहिल्यांदाच. दमलेली मी बुधवारीही असेन, ते काही आता जायचं नाही. पण फोन हातात घेऊन बसेन. खेळ त्या चार वाक्यांवरच थांबवून ठेवलाय. त्यातलं कुठलं, की त्यात नसलेलंच काही, ते तू सांग.

तुझीच,
बुधवारी वर थांबणारी
आई