कुठला वस्तरा ठेवायचा

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. पण चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला पत्र लिहायला वेळ लागतो, आणि प्रश्नही तू तसाच विचारला आहेस. दुकानात जुना वस्तरा ठेवायचा की ब्लेड बदलता येणारा, एकच काय ते ठरवा, नवी पाटी रंगवायला द्यायची आहे, असं तू लिहिलंस. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंस, की ब्लेडवाल्या वस्तऱ्यावर तुझा आता विश्वास नाही. ती ओळ मी पुष्कळदा वाचली.

शटरचं डावं कुलूप लागल्यासारखं वाटतं पण लागत नाही, ओढून बघत जा. किटलीत पाणी आहे का बघूनच बटण दाब. तुला माहीत आहे, तरी लिहितो, नाहीतर मला झोप येत नाही.

आधी जुन्याची बाजू सांगतो. माझ्या वडिलांनी वस्तरा गालावर धरू देण्याआधी वर्षभर नुसता चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायला लावला. जातानाही बोथट पाठ पुढे, येतानाही पाठच पुढे. चुकून धार पुढे गेली की पट्टा चिरायचा आणि माझा कान लाल व्हायचा. त्या वस्तऱ्याला वजन असतं, दाबावं लागत नाही, तो आपोआप उतरतो. ब्लेडवाला हलका. अर्धं ब्लेड मोडून सरकवलं की झालं, ना पट्टा, ना दगड. गिऱ्हाईक उठलं की ब्लेड टाकायचं, कुणाचं रक्त कुणाला लागत नाही. हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, ‘मग चाळीस वर्षं मी काय लोकांना रोग वाटले?’ तू म्हणालीस, ‘वाटले नसतील बाबा, पण सांगायला कोण परत आलंय?’ तेव्हा दोन दिवस तुझ्या हातचा चहा घेतला नव्हता. आता हसू येतं.

इथे ताईकडे सगळं ठीक. नात रांगते आणि माझी चप्पल चावते. जावई सकाळी प्लॅस्टिकचा रेझर घेऊन न्हाणीघरात जातात आणि दोन मिनिटांत बाहेर येतात, हनुवटीखाली निम्मं पीक तसंच उभं. परवा मला राहवेना. म्हटलं, ‘बसा, मी करतो.’ तर ताई स्वयंपाकघरातून ‘बाबा, नाही!’ म्हणून अशी ओरडली, की जावयांच्या हातातला कप हिंदकळला.

तिला माहीत आहे, म्हणून ती ओरडली. तुला मी सांगितलं, नातीला बघायला जातो. ते खोटं नव्हतं, पण डॉक्टरकडेही जायचं होतं. त्याने मला पंजा पालथा धरायला लावला आणि त्यावर कागद ठेवला. कागद थरथरत होता. औषधाने थोडं कमी होईल, जाणार नाही, म्हणाला. मी विचारलं, ‘आणि काम?’ ‘काय काम करता?’ मी सांगितलं. त्यावर त्याने नुसता स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला.

त्या बुधवारचं तुला आठवत असेलच. तू साबण आणायला बाजारात गेली होतीस. परत आलीस तर शेजारच्या दुकानातला घड्याळजी मानेला कापूस दाबून खुर्चीत, टॉवेलवर रक्त, आणि तुझा ब्लेडवाला माझ्या हातात. मी म्हटलं, ‘बघ तुझं ब्लेड! तिरकं बसवलंस.’ मग तू दुपारभर कोपऱ्यात बसून ते ब्लेड काढत होतीस, पुन्हा बसवत होतीस, उजेडात धरून बघत होतीस. त्या दिवसापासून तू फक्त केस कापतेस. दाढीचं गिऱ्हाईक आलं की ‘बाबा आल्यावर या’ म्हणतेस, असं घड्याळजीने मला फोनवर सांगितलं.

ते ब्लेड सरळच होतं. कापलं ते माझ्या वस्तऱ्याने, माझ्या हाताने. दारात तुझी चाहूल लागली तशी मी तो पुसून खणात सारला आणि तुझा उचलला. घड्याळजीने आरशातून सगळं बघितलं. तू आत गेल्यावर म्हणाला, ‘तुझ्या हाताचा लोलक झालाय, महिनाभर बघतोय मी. माझी मान काय, भरून येईल. पोरीवर कशाला ढकललंस?’ त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर इथे लिहिलं असतं. तेव्हा ब्लेडवालाच ठेव आणि पाटीवर तुझं नाव घाल. माझा वस्तरा घड्याळजीकडे देऊन टाक, त्याच्या कपाटाला चांगलं कुलूप आहे. मी रविवारी येतो. आलो की वस्तरा मागेन, आरडाओरडा करेन, बाप आहे म्हणून दरडावेन, माझा स्वभाव मला माहीत आहे. तेव्हा हे पत्र माझ्यापुढे धर. सोमवारी घड्याळजी येईल, त्याची दाढी तू कर. मी फेस लावून देईन. ब्रश हलला तर कुणाचं काही बिघडत नाही.

तुझाच,
बाबा