शेवटच्या खाटेवरच्या मुलींसाठी घर

मी, पुरिफिकासियोन माकासाएत, गावात पुरिंग नर्स म्हणून ओळखली जाणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार सान इसिद्रो, क्वेझोन प्रांत, लिहून ठेवते की माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे आणि डोकं गोळीशिवाय. मला कोणी फूस लावलेली नाही. फूस लागण्याचं वय मी कॉन्व्हेंटमध्ये काढलं.

२०११ साली मी जे मृत्युपत्र केलं आणि ज्यात हे घर चर्चला दिलं, ते आजपासून रद्द. वकील बेल्त्रान म्हणतात, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. त्यांची नाळ मी कापली आहे, त्यामुळे ते फार वाद घालत नाहीत.

कलम १. शवपेटी साधी असावी. नऊ दिवसांची प्रार्थना जरूर व्हावी, पण नवव्या दिवशी डुक्कर कापू नये. तळलेल्या शेवया आणि कॉफी पुरे. 'हिने आयुष्यभर मातांची सेवा केली' असं भाषण कोणी करू नये. का ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. नदीकाठचं भातशेत माझा पुतण्या वेन्सेस्लाओ याला. तो चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, घरात आला की आधी माझ्या भिंतींना ओल किती आली ते बघतो. शेत घ्यावं आणि घराकडे बघणं सोडावं.

कलम ३. शिवणयंत्र त्याची बायको मरिलू हिला. या बाईने बावीस वर्षं दर रविवारी मला जेवण आणून दिलं आणि एकदाही माझ्याविषयी तक्रार केली नाही. तक्रारीला जागा भरपूर होती.

कलम ४. हे घर, परसातल्या फणसासह, त्या दोघांची मुलगी हिराया आणि तिच्या सहा मैत्रिणींना. या मुली एक फोन चालवतात. नको असताना दिवस गेलेल्या, किंवा घरीच काहीतरी करून बसलेल्या बायका त्यावर बोलतात. आपल्या देशात गर्भ पाडणं हा गुन्हा आहे, बाईला तुरुंग आहे, म्हणून बायका दवाखान्यात जायला घाबरतात आणि उशिरा जातात. मुली त्यांना वेळेत दवाखान्यात नेतात, सोबत बसून राहतात. शिवाय कायदा बदला म्हणून फलक घेऊन उन्हात उभ्या राहतात आणि माझ्याकडे येऊन माझं सगळं बर्फ संपवतात.

मला त्यांचं सगळं पटत नाही. मी अजून रोज जपमाळ ओढते. एकदा हिरायाला म्हटलं, "हक्क हक्क काय करता गं? दुकानात मिळतो का?"

"मिळत नाही ना लोला, म्हणून तर ओरडतो," ती म्हणाली. लोला म्हणजे आजी, मला ती तेच मानते. "शाळेत आम्हाला बेडकाचं पोट चिरून दाखवलं. आमच्या पोटात काय असतं ते कोणी सांगितलं नाही."

"शरीर तुमचं आणि घशाला कोरड माझ्या."

"तुझं शरीर कुणाचं होतं लोला?"

मी म्हटलं, आधी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं, मग वॉर्डाचं, आता गुडघ्यांचं. सगळ्या हसल्या. एक गालो म्हणून केस कापलेली मुलगी आहे, ती हसली नाही. तिने विचारलं, "वॉर्डात अशा मुली यायच्या ना? तुम्ही काय करायचात?"

मी उठून भांडी घासायला गेले. उत्तर इथे लिहिते.

१९८१ साली मी दुसऱ्या प्रांतात एका सरकारी रुग्णालयात होते. अशा मुलींना आम्ही मोरीजवळच्या शेवटच्या खाटेवर ठेवायचो. वेदनेचं औषध देण्याआधी विचारायचं, काय घेतलंस, कुणाकडे गेलीस. हा लेखी नियम नव्हता, आमची सवय होती. ऑक्टोबरात दुपारी लुस्विमिंदा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आली. केळ्याची भजी विकायची. तिच्या पोटातून जे पडलं ते मी ट्रेमध्ये घेतलं आणि बाप्तिस्मा द्यायला नळावर गेले. सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं, आत्मा वाया जाऊ द्यायचा नाही. स्वच्छ फडकं शोधलं, पाणी ओतलं, मंत्र म्हटला, होसे नाव ठेवलं. दहा मिनिटं गेली असतील.

परत आले तर ती म्हणाली, "नर्स, थंडी वाजते."

मी म्हटलं, "आता आठवली थंडी?"

मग रक्तदाब घेतला; रक्त वाहून तो पार खाली गेला होता. रक्ताची बाटली वॉर्डात येईपर्यंत ती गेली होती. पापनिवेदनात मी हे सांगितलं. फादर म्हणाले, बाळाला बाप्तिस्मा दिलास, पुण्य केलंस. त्यांनी बाळाचं नाव विचारलं. तिचं विचारलं नाही. मी तरी कुठे सांगितलं? त्यानंतरही मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीला मला घड्याळ मिळालं.

म्हणून अट एकच. या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी खाट असावी. तिच्यावर जी येईल तिचा आधी रक्तदाब बघावा, पांघरूण द्यावं, गरज असेल तर लगेच गाडी बोलवावी. काय केलंस, कुणाचं, का, हे कोणी विचारू नये. मुलींना भाषणं फार आवडतात. ती त्यांनी अंगणात करावीत.

कलम ५. वर न आलेलं, किंवा ज्याचं दान कायद्याने रद्द होईल ते, सगळं हिरायाला.

आता सह्या. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. तिसरे, आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर आब्रेनिका, कलम ४ ऐकून पाठ दुखते म्हणाले आणि टोपी घेऊन गेले. वकील म्हणाले, आता पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्याची खात्री माझे डॉक्टरही देत नाहीत, आणि मी अशीच गेले तर घर चर्चला.

मरिलू आत कॉफी करत होती. हात पुसत बाहेर आली. "पेन द्या."

वकील म्हणाले, "वहिनी, साक्षीदाराला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला दिलेलं दान रद्द होतं. तुम्ही सही केलीत तर वेन्सींचं शेत जाईल."

"कुणाकडे?"

"कलम पाच. तुमच्या मुलीकडे."

"मग गावाबाहेर जात नाही."

"शिवणयंत्रही जाईल."

"ते सहा वर्षं माझ्याकडेच आहे. तिया पुरिंगनी कधी परत मागितलं नाही." तिया म्हणजे आत्या, म्हणजे मी.

मी म्हटलं, "मरिलू, तो तुला घरात सुखाने जेवू देणार नाही."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "हिराया तीन वर्षांची होती तेव्हा मी पण मोरीजवळच्या खाटेवर होते, तिया. दुसऱ्या गावात. त्यांनी कागद पुढे धरून नावं विचारली. वेन्सीला वाटतं, मी जिन्यावरून पडले होते."

काय झालं होतं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती बोलली तसं मी लिहून घेतलं होतं; फक्त म्हटलं, "हे कागदावर येऊ नये. मी खोडते."

"राहू द्या. तुमच्या मागे हा कागद वाचतील ना? तोवर मी त्याला तोंडाने सांगायचं बघते. नाही जमलं, तर तुम्ही सांगा."

वरील मजकूर मला वाचून दाखवला. सर्व बरोबर आहे.

सही: पुरिफिकासियोन माकासाएत

साक्षीदार:
१. तेओदोरा पान्यो, सुईण, शेजारी
२. एफ्रेन लिंगाद, वकिलांचे कारकून
३. मरिलू माकासाएत, गृहिणी

सान इसिद्रो, १४ फेब्रुवारी २०२४