कोयता नाचत नाही

पोर्ट-ओ-प्रिन्स, ३ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप बाबांस,
इव्रोजचा शि. सा. न. वि. वि.

कॉफी पोचली. आमच्या महोत्सवाचे सचिव मोस्ये दोर्सेली तीन कप प्यायले आणि म्हणाले, अशी कॉफी पिकवणारा माणूस एकदा बघायलाच हवा. मी संधी साधली. मार्चच्या लोककला महोत्सवात तुमची कोयत्याची लढाई मंजूर करून घेतली. फॉर्मवर लढाईचा रकाना नव्हता, म्हणून ‘नृत्य’ लिहिलं. कोयते लाकडी मिळतील, चंदेरी रंगवलेले.

बाबा, तुमचा शेवटचा शिष्य बोटीत बसून परदेशी गेला, त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही त्र्याहत्तरचे. विद्या तुमच्याबरोबर जाण्यापेक्षा नाच म्हणून का होईना, राहील. रुसलात तरी जेवा. आईला नमस्कार.

तुमची,
इव्रोज

जाकमेलचा डोंगर, ११ फेब्रुवारी

चि. इव्रोजला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी कोनफळाच्या वाफ्यात इतकं तण उपटलं, की तुझी आई म्हणाली, लेकीने रोज असं पत्र लिहावं.

पोरी, ज्या कोयत्याने आपल्या गुलाम पूर्वजांनी ऊस तोडला, त्यानेच त्यांनी गुलामी तोडली. मालकाला वाटे, हे कामावर निघालेत! तेव्हा ते लपून शिकले, कारण दिसलं असतं तर मान गेली असती. माझ्या बापाने मला घरामागे, कुंपणाआड शिकवलं. मीही तसंच शिकवत राहिलो. आज आपली मान कोण मागतंय? आज फक्त विसरायला सांगतात, तेही टाळ्या वाजवून. मग मी अजून कोणापासून लपतोय? चूक माझीच.

येत्या रविवारपासून बाजारच्या चौकात, भर उन्हात शिकवणार. बाप्या असो, बाई असो. आधी काठी, मग पोलाद. तुझ्या दोर्सेली साहेबाला सांग, कोयता नाचत नाही. मला नाचवायचंच असेल, तर तू लग्न कर.

तुझा बाप,
दियोनी

पोर्ट-ओ-प्रिन्स, ४ मार्च

तीर्थरूप बाबांस सा. न.

बाजारातून येणाऱ्या बायकांकडून सगळं कळतंय. नीरफणस विकणारी एर्मान्सिया मावशी काठी फिरवते म्हणे! डोंगरावरचे दोन्ही जुने उस्ताद चिडलेत, दियोनीने घरचं गुपित चव्हाट्यावर मांडलं म्हणतात, हेही कळलं. जपा.

तुमचं नाव यादीतून मी स्वतः खोडलं. मोस्ये दोर्सेली तुमची समजूत काढायला रविवारी येताहेत. त्यांना मारू नका.

तुमचीच हट्टी,
इव्रोज

जाकमेलचा डोंगर, १४ मार्च

चि. इव्रोजला आशीर्वाद.

मारलं नाही. त्याने विचारलं, कार्यक्रम किती वाजता सुरू होतो. मी म्हटलं, बूट काढा आणि रांगेत उभे राहा. एर्मान्सियाने त्याला काठी दिली आणि पहिल्याच फेरीत त्याची टोपी उडवली. चौक हसला. तोही हसला, टोपी उचलून पुन्हा उभा राहिला. आता शिष्य अकरा.

दोन्ही उस्ताद आले होते. भर चौकात म्हणाले, दियोनी, विद्या गुप्त ठेवायची शपथ तू मोडलीस. त्यांचं म्हणणं खरं आहे. प्रत्येक उस्ताद एक वार स्वतःपाशी ठेवतो, शिष्य उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. माझ्या बापाने त्याचा वार मरताना मला दिला. काल त्या दोघांदेखत मी तो अकराही जणांना दिला, दोनदा, सावकाश. जाताना त्या दोघांतल्या एकाने विचारलं, डावा पाय नेमका कुठे?

आता माझ्यापाशी लपवायला काही उरलेलं नाही. ही विद्या कोणाला पुरायचीच असेल, तर त्याने बारा खड्डे खणावेत.

लोभ कर, आणि पुढच्या रविवारी काठी घेऊन ये.

तुझा बाप,
दियोनी