कुणाचा गुंड कधी बदलणार?

अर्जुनी, मंगळवार, पौष

उद्या दुकानासाठी भांडी आणायला भंडाऱ्याला जायचे, आणि पाणी भरायचे पितळी गुंड किती आणावेत हेच ठरत नाही. जास्त आणले तर वर्षभर धूळ खात पडतील. आठवडाभर तळ्यावर बायांच्या गुंडांची बुडे न्याहाळली. भागीरथीचा गळतो, म्हणजे ती नवा घेणारच, असे मी हिला छातीठोक सांगितले होते. आज भागीरथी आली खरी, पण बुडाला डाख लावून घ्यायला!

"माहेरचा गुंड मोडीत कायले देऊ जी?"

आणि यमुनेने धडधाकट गुंड मोडीत घालून नवा नेला. काऊन, तर म्हणे, "सून नवाकोरा घेऊन आली. तिच्याजवळ माझा काळाच दिसून राहिला."

म्हणजे गळका टिकला आणि धडधाकट गेला. घ्या आता!

जेवताना हिला सांगितले तर ही पोट धरून हसली. "बुडं कायले पाहता? कोणाच्या घरी सून येऊन राहिली, ते पाहा ना!"

पटले. एकेक लग्नघर आठवत अंदाज बांधला. खूश होऊन हात धुवायला उठलो, तर ही पाणी घालता घालता म्हणते, "माघात आपल्याही घरी सून येते जी. माझा गुंड नाही दिसला काय?"

उद्या पहिला गुंड हिचाच निवडीन. चांगला लखलखीत.